पोटाचे न्यूक्लिअर स्कॅन: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

मधुमेह आणि पचन यांवरच्या लेखात आम्ही जठर किती वेळात रिकामे होते हे मोजणाऱ्या स्कॅनचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे न्यूक्लिअर मेडिसिन विभागात काम करणारे डॉक्टर आणि तंत्रज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत.

माझ्या आईला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे. चार घास खाल्ले की पोट गच्च होते, रात्री खाल्लेले सकाळी उलटून पडते. एंडोस्कोपी झाली, रिपोर्ट नॉर्मल आला. आता डॉक्टर 'गॅस्ट्रिक एम्प्टीइंग स्कॅन' करायला सांगतात. दुर्बिणीला जे दिसले नाही ते या स्कॅनला काय दिसणार? (सातारा)

दुर्बीण जठराची आतली बाजू दाखवते. व्रण, गाठ, अडथळा असेल तर तो दिसतो. जठराचे स्नायू अन्न नीट घुसळून पुढे ढकलतात की नाही, हे मात्र रिकाम्या पोटात दोन-चार मिनिटे डोकावून कळत नाही. जुन्या मधुमेहात जठराला आज्ञा देणारी व्हेगस नस आणि जठराच्या भिंतीतल्या पेशी दुबळ्या होतात. जठर दिसायला ठीकठाक असते, पण काम संथ चालते. यालाच गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. हा संथपणा मोजायचा तर खरेखुरे जेवण द्यायला हवे आणि त्यातले किती, किती वेळ जठरात राहिले हे बाहेरून पाहायला हवे.

त्यासाठी जेवणात टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडे मिसळतात. ते गॅमा किरण सोडते आणि शरीराबाहेर ठेवलेला गॅमा कॅमेरा ते टिपतो. कॅमेरा स्वतः कोणतेही किरण सोडत नाही. नळी नाही, भूल नाही, चिरफाड नाही. ही कल्पना जुनी आहे. जठर रिकामे होण्याचा वेग अशा तऱ्हेने पहिल्यांदा ब्रिटनमध्ये १९६६ साली मोजला गेला. तेव्हा क्रोमियम-५१ वापरले होते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये न्यूक्लिअर मेडिसिनचे काम १९६३पासून चालू आहे.

टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य क्षय पावायला लागणारा वेळ) फक्त सहा तासांचे, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. विभागात मॉलिब्डेनम-९९ असलेला जनरेटर येतो, त्यातून रोज सकाळी सलाइन सोडून ताजे टेक्नेशियम काढतात. मॉलिब्डेनमचे अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे आठवडाभरात जनरेटर जेमतेम सहाव्या हिश्श्यावर येतो. केंद्रे ठरावीक वारीच तारीख देतात आणि दिलेली वेळ चुकवू नका म्हणून बजावतात, त्याचे कारण हे. तुमच्यासाठी मोजलेला डोस दुपारपर्यंत अर्धा उरलेला असतो.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. केंद्रावर फोन केला तर म्हणाले, अंड्याचे ऑम्लेट खावे लागेल. घरून पोहे किंवा वरणभात नेला तर चालणार नाही का? (पुणे)

हा प्रश्न सर्वांत जास्त पत्रांत होता आणि तो महत्त्वाचाही आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अंड्याचा आग्रह चवीसाठी नाही. अमेरिकेतल्या पचनसंस्था आणि न्यूक्लिअर मेडिसिन या दोन्ही क्षेत्रांतल्या तज्ज्ञांनी २००८ साली एक ठरावीक जेवण निश्चित केले. त्यात १२० ग्रॅम अंड्याचा पांढरा भाग (आपल्याकडच्या साधारण चार अंड्यांचा), ब्रेडचे दोन टोस्ट, ३० ग्रॅम जॅम आणि १२० मिलिलिटर पाणी असते. एकूण सुमारे २५५ कॅलरी, स्निग्धांश नगण्य. हे जेवण निरोगी माणसांना देऊन 'नॉर्मल'चे आकडे काढलेले आहेत. एका तासाने जठरात ९० टक्क्यांपर्यंत, दोन तासांनी ६० टक्क्यांपर्यंत आणि चार तासांनी १० टक्क्यांपर्यंत अन्न उरले तर ठीक. त्याहून जास्त उरले तर जठर मंद. उलट तासाभरातच ३० टक्क्यांहून कमी उरले तर ते फाजील वेगाने रिकामे होत आहे.

हे आकडे त्या जेवणापुरतेच खरे. जेवणात तूप, तेल वाढले की जठर मंदावते. कॅलरी वाढल्या की मंदावते, चोथा वाढला की मंदावते. पोह्यांवर तेल किती, शेंगदाणे किती, खोबरे किती, हे घरोघरी वेगळे. त्या पोह्यांना ऑम्लेटचे आकडे लावले तर निरोगी माणूसही रोगी ठरू शकतो.

दुसरी अडचण याहून नाजूक आहे. टेक्नेशियम हे सल्फर कोलॉइडच्या (गंधकाच्या अतिसूक्ष्म कणांच्या) रूपात, साधारण अर्धा ते एक मिलीक्युरी (किरणोत्साराचे माप), कच्च्या पांढऱ्यात घालून ढवळतात आणि मगच तव्यावर टाकतात. शिजताना प्रथिन गोठते आणि कोलॉइडचे कण त्यात घट्ट अडकतात. ऑम्लेट चांगले घट्ट होईपर्यंत शिजवावे लागते; ओलसर, लिबलिबीत राहिले तर बांधणी कच्ची राहते. तयार पदार्थावर वरून थेंब टाकले तर तो चक्क घोटाळा आहे. द्रव्य जठरातल्या पाण्यात सुटते आणि पाण्याबरोबर झपाट्याने निघून जाते. साधे पाणी निरोगी जठरातून अर्ध्या तासाच्या आतच निम्मे खाली उतरते. घन अन्न मात्र आधी जठराच्या खालच्या भागात दळले जाते आणि कण एक-दोन मिलिमीटरचे झाले की पुढे सुटते. वरून शिंपडलेल्या द्रव्यामुळे कॅमेऱ्याला पाण्याचा वेग दिसतो, रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि खरा गॅस्ट्रोपॅरेसिसचा रोगी उलट्या करत घरी जातो. वरणभात आणि पोहे यांच्याबाबत हेच भय आहे.

मग शाकाहारी माणसाने काय करायचे? इडलीचा पर्याय चांगला आहे. पिठात कोलॉइड मिसळून इडली वाफवली तर द्रव्य आत बांधले जाते, वजन आणि कॅलरी दरवेळी सारख्या ठेवता येतात. आपल्या देशात निरोगी लोकांना इडली देऊन मोजमापे झालेली आहेत. केंद्रावर तीन गोष्टी विचारा. द्रव्य पिठात मिसळून वाफवता की वरून घालता? इडलीसाठीचे नॉर्मल आकडे तुमच्याकडे कोणते आहेत? आणि बांधणी तपासली आहे का? तपासायची रीत अवघड नाही. इडलीचा तुकडा शरीराच्या तापमानाला कृत्रिम जठररसात, म्हणजे सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन यांत, काही तास हलवत ठेवायचा आणि किती द्रव्य रसात सुटले ते मोजायचे. ही उत्तरे मिळत नसतील तर दुसरे केंद्र शोधणे बरे. आमचे स्पष्ट मत आहे की नॉर्मल आकड्यांशिवाय केलेल्या जेवणाचा रिपोर्ट रोग्याच्या काही कामाचा नाही.

जेवण दहा मिनिटांत संपवावे लागते. अर्ध्याहून कमी खाल्ले किंवा मध्येच उलटी झाली तर ते लपवू नका, तंत्रज्ञाला लगेच सांगा. तशी नोंद नसेल तर उलटीतून गेलेले अन्न 'पुढे सरकले' म्हणून मोजले जाते.

स्कॅनच्या आधी कोणती औषधे बंद करायची? इन्शुलिनचे काय? सासूबाईंना मिश्रीची सवय आहे, ती चालेल का? (सोलापूर)

मिश्री चालणार नाही. निकोटिनने जठराची हालचाल बदलते. आदल्या रात्रीपासून मिश्री, तंबाखू, विडी सगळे बंद, आणि स्कॅन संपेपर्यंत बंदच. सासूबाई सकाळी उठल्याबरोबर सवयीने मिश्री लावतील, तेव्हा डबी आदल्या रात्रीच बाजूला ठेवा.

जठर पळवणारी औषधे (मेटोक्लोप्रमाइड, डोम्पेरिडोन, लेव्होसल्पिराइड, इटोप्राइड) आणि मंदावणारी औषधे (ट्रॅमाडॉलसारखी अफूच्या जातीची वेदनाशामके, डायसायक्लोमिन, हायोसिन) दोन दिवस आधी थांबवतात. इथे एक गोष्ट हमखास निसटते. पित्तावर म्हणून घेतल्या जाणाऱ्या पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड जोडीने असते आणि घरच्यांना ते ठाऊक नसते. त्यामुळे औषधांची नुसती नावे सांगू नका, पाकिटेच घेऊन जा. वजन किंवा साखर कमी करण्यासाठी आठवड्यातून एकदा घेण्याचे सेमाग्लुटाइडसारखे इंजेक्शन चालू असेल तर तारीख ठरवतानाच सांगा. ते जठर बरेच मंदावते आणि दोन दिवसांत अंगातून जात नाही. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने थांबवू नका, ज्यांनी लिहून दिले त्यांना विचारून थांबवा.

साखर ही दुसरी मोठी गोष्ट. रक्तातली साखर चढलेली असेल तर निरोगी जठरही मंदावते. सकाळची उपाशीपोटीची साखर २७५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर स्कॅन पुढे ढकलणे योग्य. इन्शुलिन घरी टोचून उपाशी निघू नका, वाटेत साखर उतरेल. इन्शुलिन आणि ग्लुकोमीटर सोबत न्या आणि चाचणीचे जेवण समोर आल्यावर डॉक्टरांनी ठरवून दिलेला डोस घ्या. चार तास दुसरे काही खायला मिळत नाही, हे तो डोस ठरवताना लक्षात घ्यावे लागते.

पाळी चालू असलेल्या वयात शक्य तर पाळीच्या पहिल्या दहा दिवसांत स्कॅन ठेवतात. एक तर गर्भ नसल्याची खात्री असते, दुसरे म्हणजे पाळीच्या उत्तरार्धात हॉर्मोनमुळे जठर मंदावू शकते.

वडिलांच्या रिपोर्टात 'जिओमेट्रिक मीन, डिके करेक्टेड' असे लिहून १६ टक्के आकडा दिला आहे. दुसऱ्या केंद्रावर मागच्या वर्षी दीड तासात स्कॅन संपवून 'नॉर्मल' लिहिले होते. कोणावर विश्वास ठेवायचा? (नाशिक)

चार तासांच्या स्कॅनवर. जठर मंद असलेल्या पुष्कळ रोग्यांचे पहिले दोन तास ठीक दिसतात आणि खोळंबा चौथ्या तासाला उघड होतो. दीड तासावर थांबलेला स्कॅन नॉर्मल आला म्हणजे प्रश्न मिटला असे नाही.

आता ते दोन शब्द. अन्न आधी जठराच्या वरच्या भागात साठते. हा भाग पाठीच्या बाजूला असतो. मग ते खाली, पोटाच्या पुढच्या बाजूला सरकते. टेक्नेशियमचे किरण दर साडेचार सेंटिमीटर मांसातून जाताना निम्मे होतात. त्यामुळे फक्त पुढून फोटो घेतला तर जठरातून काहीही बाहेर गेलेले नसताना मोजणी वाढलेली दिसते. म्हणून पुढून आणि मागून, दोन्हीकडून मोजतात आणि दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतात. हाच 'जिओमेट्रिक मीन'.

उदाहरण घेऊ. जेवणानंतर लगेच पुढून ४०,००० आणि मागून २२,५०० कण मोजले गेले. गुणाकाराचे वर्गमूळ ३०,०००. चार तासांनी पुढून ४,००० आणि मागून २,२५० आले, वर्गमूळ ३,०००. वरवर पाहता १० टक्के उरले, म्हणजे नॉर्मलच्या काठावर. पण चार तासांत टेक्नेशियम स्वतःच क्षय पावून ६३ टक्क्यांवर आलेले असते. ३,०००ला ०.६३ने भागले की सुमारे ४,७६० येतात, म्हणजे जवळपास १६ टक्के अन्न उरले आहे. क्षयाची ही दुरुस्ती, म्हणजे 'डिके करेक्शन', विसरली की रोगी निरोगी ठरतो. रिपोर्टात ते शब्द लिहिलेले असणे ही चांगली खूण आहे. दर फोटोची अचूक वेळ आणि जेवण कोणते दिले, हेही त्यात असायला हवे.

चार वर्षांच्या नातवाला शौचातून गडद लाल रक्त पडले, पोटात अजिबात दुखत नव्हते. हिमोग्लोबिन सातवर आले. 'मेकेल स्कॅन' सांगितला आहे. हे काय असते? (छत्रपती संभाजीनगर)

गर्भात आतडे आणि नाळ यांना जोडणारी एक नळी असते. ती जन्माआधी विरून जाते. सुमारे दोन टक्के लोकांत तिचा बुंधा लहान आतड्यावर छोट्या पिशवीसारखा राहतो, साधारणपणे लहान आतडे संपण्याच्या ६० सेंटिमीटर अलीकडे. बहुतेकांना त्याचा जन्मभर त्रास होत नाही. काहींच्या पिशवीत मात्र जठराचे अस्तर असते. ते आम्ल सोडते, शेजारच्या आतड्याला व्रण पडतो आणि न दुखता भळाभळा रक्त जाते. लहान मुलात असा रक्तस्राव झाला की पहिला संशय याचाच घ्यायचा.

टेक्नेशियम परटेक्नेटेट या साध्या रूपात शिरेतून दिले की जठराचे अस्तर ते ओढून घेते, मग ते अस्तर जठरात असो की भलत्या जागी. डोस वजनावर ठरतो, किलोला ०.०५ मिलीक्युरी, म्हणजे १५ किलोच्या मुलाला पाऊण मिलीक्युरी. तीन-चार तास उपाशी ठेवून मुलाला निजवतात आणि अर्धा ते एक तास सलग फोटो घेतात. पोटाच्या खालच्या उजव्या भागात एक ठिपका जठराबरोबरच उगवला आणि जठराबरोबरच गडद होत गेला तर निदान जवळपास पक्के. मूत्रनलिकेत थबकलेली लघवीही असा ठिपका दाखवू शकते, म्हणून बाजूने फोटो घेतात आणि लघवी करवून पुन्हा पाहतात. भरलेल्या मूत्राशयामागे खरी पिशवी लपून राहू शकते, त्यासाठीही लघवी करवणे गरजेचे.

आदल्या दिवसापासून फॅमोटिडिनसारखे औषध दिले तर निदान अधिक खात्रीचे होते. अस्तर द्रव्य ओढते, पण आतड्याच्या पोकळीत सोडत नाही, आणि ठिपका ठळक राहतो. नुकताच बेरियमचा एक्स-रे झाला असेल तर काही दिवस थांबावे लागते, कारण बेरियम किरण अडवते.

क्रमाची एक गोष्ट डॉक्टरांशी आवर्जून बोला. रक्तस्राव शोधणारा तांबड्या पेशींचा स्कॅनही करायचा असेल तर मेकेल स्कॅन आधी व्हावा. तांबड्या पेशींच्या स्कॅनमध्ये दिलेला कथिलाचा क्षार काही दिवस अंगात राहतो. त्यानंतर दिलेले परटेक्नेटेट जठराच्या अस्तराकडे जाण्याऐवजी तांबड्या पेशींत शिरते आणि मेकेल स्कॅन वाया जातो.

स्कॅन नकारात्मक आला तरी प्रश्न संपत नाही. पिशवी लहान असेल किंवा जोरदार रक्तस्रावाने द्रव्य धुऊन गेले असेल तर ती निसटते. संशय दाट असेल तर स्कॅन पुन्हा करतात किंवा शल्यचिकित्सक लॅपरोस्कोपीने पाहतात.

वडिलांना शौचातून रक्त जात होते, दोन्हीकडून दुर्बीण घालूनही जागा सापडली नाही. त्यांचेच रक्त काढून, त्यात काही मिसळून परत टोचले. त्याने काय साधते? (कोल्हापूर)

तांबड्या पेशींनाच खूण केली की त्या जिथे शिरेबाहेर पडतील तिथे कॅमेऱ्याला साठा दिसतो. आधी कथिलाच्या क्षाराचे इंजेक्शन देतात, वीस-तीस मिनिटांनी थोडे रक्त काढून त्यात टेक्नेशियम मिसळतात, दहा मिनिटे थांबून परत शिरेत सोडतात. पेशीत शिरलेले टेक्नेशियम कथिलामुळे हिमोग्लोबिनला चिकटते आणि बाहेर येत नाही. सगळे काम बाहेर नळीत करणाऱ्या किटने बांधणी ९७ टक्क्यांच्या वर जाते. हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) गेलेल्या नळीतूनच इंजेक्शन दिले किंवा नुकतेच बरेच रक्त चढवलेले असले तर बांधणी बिघडते. सुटे राहिलेले टेक्नेशियम मग जठरात गोळा होते आणि 'जठरात रक्तस्राव' असा भास होतो.

मिनिटाला ०.१ मिलिलिटर इतका मंद रक्तस्रावही हा स्कॅन पकडतो. कॅथेटर अँजिओग्राफीला साधारण अर्धा ते एक मिलिलिटर लागतो. अट एकच, फोटो चालू असताना रक्त जात असले पाहिजे. रक्तस्राव थांबून-थांबून होतो म्हणून तासभर किंवा दीड तास सलग चित्रण करतात आणि पुढचे चोवीस तास रक्त पुन्हा जाऊ लागले तर नवे इंजेक्शन न देता परत कॅमेऱ्याखाली घेता येते.

वाचताना मुद्दा हालचालीचा असतो. साठा नव्याने दिसला, वाढत गेला आणि आतड्याच्या वाटेने सरकला तरच तो रक्तस्राव. एका जागी स्थिर राहिलेला डाग रक्तवाहिन्यांची गाठ असू शकतो. रक्त आतड्यात पुढेही सरकते आणि मागेही. म्हणून कित्येक तासांनी काढलेल्या एकाच फोटोवरून 'रक्त गेले' एवढे म्हणता येते, 'इथून गेले' असे म्हणता येत नाही. अशा एकाच फोटोच्या भरवशावर आतडे कापायचा निर्णय होत असेल तर हा प्रश्न जरूर विचारा. रक्तदाब कोसळत असलेल्या रोग्याला मात्र गॅमा कॅमेऱ्याखाली तासभर निजवणे योग्य नाही, त्याला थेट सीटी अँजिओग्राफी किंवा कॅथलॅब.

आमचे बाळ सात आठवड्यांचे आहे. कावीळ जात नाही, शी पांढरट होते. 'हायडा स्कॅन'साठी आधी पाच दिवस औषध द्यायला सांगितले आहे. थांबावे का? (रत्नागिरी)

स्कॅनची तयारी करा, पण बाळाला बालशल्यचिकित्सकांना आजच दाखवा. पांढरट शी आणि लांबलेली कावीळ म्हणजे पित्तनलिका बंद असण्याची, बिलिअरी अट्रेसियाची शक्यता. त्यावरची कासाई शस्त्रक्रिया साधारण साठ दिवसांच्या आत झाली तर यशाची शक्यता जास्त असते. तुमच्याकडे वेळ कमी आहे.

स्कॅनमध्ये मेब्रोफेनिन या द्रव्याला टेक्नेशियम जोडून शिरेतून देतात. यकृत ते उचलते आणि पित्तातून आतड्यात सोडते. आधी पाच दिवस फिनोबार्बिटोन किलोला रोज ५ मिलिग्रॅम, दोन भागांत देतात. त्याने यकृताचे पित्त सोडण्याचे काम वाढते. हे न देता स्कॅन केला तर नुसत्या आजारी यकृतामुळेही आतड्यात काही उतरत नाही आणि नलिका बंद असल्याचा चुकीचा समज होतो. पहिल्या तासात आतड्यात काही दिसले नाही तर चोवीस तासांपर्यंत पुन्हा फोटो घेतात. तोवर आतड्यात द्रव्य दिसले तर अट्रेसिया नाही. न दिसले तर तो पक्का ठरत नाही, पुढे यकृताची बायोप्सी आणि ऑपरेशनच्या टेबलवर पित्तनलिकेचा एक्स-रे लागतो. पाच दिवस औषध चालू असताना बाकीच्या तपासण्या थांबवू नयेत, आणि साठ दिवसांची मर्यादा जवळ आली असेल तर स्कॅनसाठी अडून बसू नये, असे आमचे ठाम मत आहे.

मी इंग्लंडमध्ये राहते. पित्ताशय काढल्यापासून दिवसाला सात-आठ वेळा पातळ शौच होते. इथे 'सेहकॅट' कॅप्सूल देणार आहेत. सेलेनियमचे अर्धायुष्य चार महिने आहे असे वाचले, भीती वाटते. (स्लाव)

लहान आतड्याचे शेवटचे टोक सुमारे ९५ टक्के पित्ताम्ले परत शोषून घेते. हे बिघडले की ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि जुलाब होतात. सेहकॅटमध्ये कृत्रिम पित्ताम्लाला सेलेनियम-७५ जोडलेले असते. कॅप्सूल गिळल्यावर त्याच दिवशी एक ते तीन तासांत मोजणी करतात आणि सातव्या दिवशी पुन्हा. १५ टक्क्यांहून जास्त उरले तर सर्वसाधारणपणे ठीक, १० ते १५ सौम्य गळती, ५ ते १० मध्यम, ५च्या खाली तीव्र. कोलेस्टिरामिन किंवा कोलेसेव्हेलाम ही पित्ताम्ले बांधून ठेवणारी औषधे चालू असतील तर आधीच सांगा, त्याने आकडा पार बदलतो.

भीतीचे कारण नाही. कॅप्सूलमध्ये फक्त ०.३७ मेगाबेकरेल (हेही किरणोत्साराचेच माप) असते, म्हणजे जठराच्या स्कॅनमध्ये देतात त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके किंवा त्याहूनही कमी. ते चार महिने अंगात बसून राहत नाही, पित्ताबरोबर बहुतांश निघून जाते. ज्यांची गळती जास्त त्यांच्या अंगातून लवकर जाते. अंगाला लागणाऱ्या किरणांची एकूण मात्रा सुमारे ०.३ मिलिसिव्हर्ट.

स्कॅननंतर घरात लहान मुलांजवळ झोपता येईल का? अंगावरचे दूध? विमानप्रवास? (ठाणे)

टेक्नेशियम चोवीस तासांत निव्वळ क्षयानेच सोळाव्या हिश्श्यावर येते, शिवाय लघवी-शौचातूनही जाते. जठराच्या स्कॅनची मात्रा एक मिलिसिव्हर्टच्या आत असते, हायडाची सुमारे तीन, तांबड्या पेशींच्या स्कॅनची पाच ते सात. जमीन, हवा, आकाश यांतून माणसाला वर्षाला जगात सरासरी २.४ मिळतातच. त्या दिवसापुरते तान्ह्या बाळाला तासन्‌तास छातीशी धरणे टाळा, एवढे पुरे. भरपूर पाणी प्या, कमोडवर बसूनच लघवी करा, दोनदा फ्लश करा. बाळाचा स्कॅन असेल तर त्याचे डायपर वेगळ्या पिशवीत बांधून दोन दिवसांनी टाका.

जेवणातून दिलेले सल्फर कोलॉइड आतड्यात शोषले जात नाही, त्यामुळे ते दुधात उतरत नाही. शिरेतून दिलेल्या परटेक्नेटेटनंतर मात्र काही काळ दूध काढून टाकावे लागते, अनेक ठिकाणी सरसकट २४ तास सांगतात. आधीच दूध काढून फ्रीजमध्ये ठेवा, बाळाची आबाळ होणार नाही. विमानतळावरचे किरणशोधक फार संवेदनशील असतात, दोन-तीन दिवस ते वाजू शकतात. केंद्राकडून द्रव्याचे नाव, मात्रा आणि तारीख लिहिलेले पत्र मागून घ्या.

एच. पायलोरीसाठी 'ब्रेथ टेस्ट' सांगितली. त्यात कार्बन-१४ आहे आणि तो तर हजारो वर्षे टिकतो! (अमरावती)

कार्बन-१४चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे आहे, हे खरे. पण तो युरियात असतो आणि युरिया शरीरात टिकत नाही, थोड्या दिवसांत श्वासातून आणि लघवीतून निघून जातो. कॅप्सूलमध्ये अवघा एक मायक्रोक्युरी असतो. त्याची मात्रा सुमारे तीन मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून अर्ध्या दिवसात मिळते तितकी.

जठरात एच. पायलोरी हे जंतू असतील तर ते युरिया फोडतात आणि खूण केलेला कार्बन डायऑक्साइड श्वासात येतो. सहा तास उपाशी राहून कॅप्सूल पाण्याबरोबर अख्खी गिळायची, चावायची नाही. चावली तर तोंडातले जंतूच युरिया फोडतात आणि खोटे 'पॉझिटिव्ह' येते. दहा मिनिटांनी फुगा किंवा नळीत फुंकायचे. सर्रास वापरल्या जाणाऱ्या मोजणीत ५०च्या खाली जंतू नाहीत, २००च्या वर आहेत, मधला आकडा आला तर चाचणी पुन्हा. प्रतिजैविके आणि बिस्मथ चार आठवडे, पँटोप्राझोलच्या जातीच्या गोळ्या दोन आठवडे आधी बंद हव्यात, नाहीतर जंतू दबून खोटे 'निगेटिव्ह' येते. जंतूंवरचा औषधांचा कोर्स झाल्यावर तपासायचे असेल तरी कोर्स संपल्यापासून किमान चार आठवडे थांबा. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी कार्बन-१३ची चाचणी मिळते. त्यात किरणोत्सार मुळीच नसतो.